टाकीखालची हवेची नळी काढावी का?

मोटारसायकलची टाकी उचलली की हेडच्या वर, फ्रेमच्या आडोशाला, बोटभर जाडीची एक रबरी नळी दिसते. तिचं एक टोक एअर फिल्टरच्या डब्याला जोडलेलं असतं. दुसरं टोक एका छोट्या डबीत शिरतं आणि तिथून निघालेला मार्ग हेडमध्ये, सायलेन्सरचा बेंड जिथे बसतो त्या बाजूला उतरतो. बजाजच्या गाड्यांत या जोडणीला एसएआय म्हणतात, यामाहाच्या गाड्यांत एआयएस, सुझुकीच्या पेअर, केटीएमच्या एसएएस आणि रॉयल एनफिल्डच्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांत पीएव्ही. कंपनीगणिक नाव बदलतं, काम तेच राहतं: इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात ताजी हवा सोडायची.

गॅरेजमध्ये या नळीची ख्याती चांगली नाही. रेस सोडली की सायलेन्सर फटाके फोडतो अशी तक्रार घेऊन जा, नाहीतर फ्री-फ्लो सायलेन्सर बसवायला जा, सल्ला बहुधा एकच मिळतो: "ती हवेची नळी काढून टाका, पट्टी मारा, गाडी मोकळी होईल." काम फारसं अवघड नाही. नळी आणि डबी निघते, हेडवरच्या भोकावर धातूची पट्टी बसते, फिल्टरच्या डब्याला बूच लागतं. गाडी परत नेताना मालकाला पिकअप वाढल्यासारखा वाटतो. ज्या भागाचा इंजिनाच्या ताकदीशी काही संबंध नाही, तो काढल्यावर ताकद वाढल्याचं समाधान मिळावं, ही गोष्ट मला नीट समजून घेण्यासारखी वाटते. त्यासाठी आधी सिलिंडरच्या आत जायला हवं.

पेट्रोल पूर्ण जळायचं तर एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते. इंजिनाला हे प्रमाण सदासर्वकाळ साधत नाही. चोक देऊन थंड इंजिन सुरू करताना, सिग्नलला आयडलवर उभं असताना, एकदम रेस पिळताना मिश्रणात पेट्रोल जास्त पडतं. ऑक्सिजन कमी पडला की कार्बन अर्धवट जळतो आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. आणि मिश्रण अगदी नेमकं असलं तरी थोडं इंधन सुटतंच. वरच्या रिंगच्या वर, पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधल्या बारीक फटीत मिश्रण दाबलं जातं. तिथवर ज्योत पोहोचत नाही. ते न जळलेलं इंधन, म्हणजे हायड्रोकार्बन, धुराबरोबर बाहेर पडतं. ट्यूनिंग कितीही चांगलं केलं तरी हा भाग शून्यावर येत नाही. यात मेकॅनिकची चूक नसते. थंड भिंतींच्या आत पेटवलेल्या आगीची ती अंगभूत मर्यादा आहे.

कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. हायड्रोकार्बनमध्ये बेन्झिनसारखे कर्करोगकारक पदार्थ असतात, आणि नायट्रोजन ऑक्साइडच्या सोबतीने, उन्हात, त्यांच्यापासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो. त्याने छाती भरते, डोळे चुरचुरतात. सिग्नलला पुढच्या गाडीच्या सायलेन्सरमागे उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात पहिल्यांदा जातात ते हेच वायू.

पण हे वायू एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून निघतात तेव्हा प्रचंड तापलेले असतात. पूर्ण ताकदीवर चालणाऱ्या इंजिनात एक्झॉस्टचं तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. आयडलला सरासरी ३०० ते ४०० अंश असते, तरी व्हॉल्व्ह उघडतो त्या क्षणी बाहेर पडणारा झोत या सरासरीहून बराच गरम असतो. हायड्रोकार्बन आपोआप जळायला सुमारे ६०० अंश लागतात, कार्बन मोनॉक्साइडला सुमारे ७००. म्हणजे उष्णता आहे, जळायला इंधन आहे. कमी आहे तो ऑक्सिजन. धुमसणाऱ्या चुलीत फुंकणीने हवा घातली की धुराचाच जाळ होतो, तसंच इथे करायचं. झोत सर्वात गरम असतो त्या जागी, म्हणजे व्हॉल्व्हच्या अगदी बाहेर, थोडी ताजी हवा दिली की उरलेलं इंधन तिथे जळून त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. सगळं जळत नाही, पण बरंच जळतं. गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर राहिलेलं काम तो पुष्कळ कमी तापमानाला करतो, आणि त्यालाही हे वायू जाळायला ऑक्सिजन लागतोच.

हे सारं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या पलीकडे घडतं. पिस्टनला ढकलून वायूंचं काम संपलेलं असतं, ते परत सिलिंडरमध्ये यायचे नसतात. त्यांच्यात हवा मिसळल्याने पिस्टनवरचा जोर कमी होत नाही आणि ती हवा बंद केल्याने तो वाढत नाही. एअर फिल्टरच्या डब्यातून नळीत जाणारी हवा इंजिनाच्या तोंडचा घास काढून घेते, असंही काहीजण सांगतात. डब्यात आत येणारी हवा मुबलक असते. इंजिन किती घेईल ते थ्रॉटल ठरवतो, ही नळी नव्हे.

मग प्रदूषण रोखणारे भाग ताकद खातात ही समजूत आली कुठून? तिला इतिहास आहे, आणि तो मोटारसायकलचा नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून लॉस एंजेलिस शहरावर तपकिरी धुरकं धरू लागलं. पॅसाडिना इथल्या कॅलटेक संस्थेत आरी हागेन-स्मिट हे मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ अननसाच्या वासातल्या द्रव्यांवर काम करत होते. सूक्ष्म प्रमाणातली द्रव्यं ओळखायची तीच हातोटी त्यांनी शहराच्या हवेवर वापरली आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं, की गाड्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून सुटणारे हायड्रोकार्बन, नायट्रोजन ऑक्साइड आणि ऊन यांतून हे धुरकं जन्मतं. तेल आणि मोटार उद्योगाने त्यांना विरोध केला. ते मागे हटले नाहीत. पुढे कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचे ते पहिले अध्यक्ष झाले. १९६६ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या मोटारींच्या धुराला मर्यादा आली. ती पाळायला जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी पट्ट्यावर चालणारा हवेचा पंप इंजिनाला जोडला. तो एक्झॉस्टच्या तोंडाशी हवा ढकलायचा.

हा पंप इंजिनाच्याच ताकदीवर फिरे, म्हणून थोडी ताकद तो खरोखर घेत असे. पाठोपाठ सत्तरच्या दशकात अमेरिकन इंजिनांचं कॉम्प्रेशन कमी केलं गेलं, ठिणगीची वेळ मागे नेली गेली, आणि त्या गाड्या खरंच मंदावल्या. प्रदूषणाचं सामान काढा आणि घोडे परत मिळवा, ही भाषा माझ्या मते तिथे रुजली आणि मोटारींकडून मोटारसायकलींकडे आली. फक्त येताना पंप मागेच राहिला. अमेरिकेत मोटारसायकलींना १९७८ च्या मॉडेलपासून धुराचे नियम लागले, १९८० पासून ते कडक झाले. ते पाळताना जपानी कंपन्यांनी पंपाचा खटाटोप टाळला, कारण मोटारसायकलचा एक्झॉस्ट स्वतःच हवा ओढतो.

ते कसं, हा या विषयातला मला सर्वात आवडणारा भाग आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट बेंडमधून मागे धावते. तिच्या पाठीमागे क्षणभर पोकळी होते; तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्या क्षणाचा फायदा घ्यायला नळीच्या टोकाच्या डबीत स्टीलचं एक पातळ पान बसवलेलं असतं, त्याला रीड म्हणतात. पोकळी झाली की पान उचललं जातं आणि हवा आत जाते. दाबाची पुढची लाट आली की पान जागेवर दाबलं जातं आणि गरम वायू उलटा येऊ शकत नाही. फोर-स्ट्रोक इंजिन आयडलला मिनिटाला १४०० फेऱ्यांवर असेल तर हा खेळ मिनिटाला ७०० वेळा, सेकंदाला जवळजवळ बारा वेळा चालतो. पंप नाही, पट्टा नाही, मोटर नाही. इंजिनाचा एक कणही जोर न घेता, एरवी वाया जाणारी दाबाची लाट वापरून घेतलेली आहे. इतकी काटकसरी युक्ती गाडीत दुसरी क्वचितच सापडेल.

वेग वाढला की या नळीचं महत्त्व कमी होतं. सहा हजार फेऱ्यांवर लाटा सेकंदाला पन्नास होतात, धुराचं प्रमाण खूप वाढतं आणि त्यात पानातून शिरणाऱ्या हवेचा वाटा घटत जातो. तिचं खरं काम आयडल आणि कमी वेगाचं, म्हणजे शहरातल्या रहदारीचं. मोकळ्या महामार्गावर धावणाऱ्या गाडीत ती थोडं काम करते. लक्ष्मी रोडवर किंवा दादरच्या पुलाखाली रेंगाळणाऱ्या गाडीत ती सर्वाधिक करते.

आता फटाक्यांकडे येऊ, कारण नळी काढण्याचं पहिलं कारण तेच असतं.

उतारावर किंवा सिग्नल जवळ आला म्हणून तुम्ही रेस एकदम सोडता. थ्रॉटल बंद होतो, चाक मात्र इंजिनाला फिरवत राहतं. इनटेकच्या बाजूला जोरदार व्हॅक्यूम तयार होतं. सिलिंडरमध्ये नवं मिश्रण अगदी थोडं येतं, मागच्या स्फोटाचा जळका वायूच जास्त भरलेला असतो. ठिणगी पडते पण मिश्रण पेटत नाही. ते तसंच सायलेन्सरच्या बेंडमध्ये जातं. तिथे ताजी हवा मिळाली आणि मागून पेटलेला झोत आला की ते सायलेन्सरच्या आत पेटतं. तोच फट् असा आवाज.

तर्क असा होतो, की हवा मिळते ती नळीतून, मग नळीच बंद करा. तर्क अर्धा बरोबर आहे. नळी बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी डबीत आणखी एक झडप दिली. कार्बोरेटरच्या गाडीत तिला इनटेकपासून येणारी एक बारीक व्हॅक्यूम नळी जोडलेली असते. रेस सोडली, व्हॅक्यूम वाढलं, की झडप ओढली जाते आणि हवेचा रस्ता तेवढ्यापुरता बंद होतो. इंजेक्शनच्या गाडीत हेच काम ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या, हुकमाने चालणारी सोलेनॉइड झडप करते. म्हणजे यंत्रणा धडधाकट असेल तर फटाके फुटतात त्या नेमक्या वेळी ही नळी बंदच असायला हवी. रेस सोडल्यावर गाडी फटफटत असेल, तर काहीतरी बिघडलं आहे आणि ती खूण आहे. नळी कापून टाकली की खूण पुसली जाते, बिघाड तिथेच राहतो.

सगळ्यात जास्त वेळा दोषी असतं ते हेड आणि बेंड यांच्यामधलं गॅस्केट. सायलेन्सर एकदा उतरवून परत चढवताना जुनंच गॅस्केट वापरलं, किंवा बाहेरून घेतलेला सायलेन्सर अंगचाच नीट बसणारा नसला, की त्या जोडातून पोकळीच्या क्षणी हवा ओढली जाते. जोडाभोवती काजळीचे काळे ओघळ दिसले तर दुसरा पुरावा नको. त्या खालोखाल व्हॅक्यूमची बारीक नळी: उन्हाने, इंजिनाच्या उष्णतेने ती तडकते, टोकाशी सैल होते, कधी सर्व्हिसिंगमध्ये जोडायचीच राहते. मग झडप बंद होत नाही. कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधल्या रबराला चीर गेली किंवा पायलट जेटमध्ये कचरा बसला, की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि रेस सोडल्यावर ठिणगी वाया जाण्याचं प्रमाण वाढतं. सध्याच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने यात भर पडू शकते. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणतं, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत तेच जेट असतानाही मिश्रण थोडं पातळ होतं.

फ्री-फ्लो सायलेन्सरची गोष्ट निराळी आहे. मूळ सायलेन्सरमध्येही बारीक फटाके होत असतात, पण आतले कप्पे आवाज गिळतात. कप्पे काढले की तोच आवाज गल्लीभर ऐकू येतो. मग दोष नळीवर येतो.

नळी काढल्यावर पिकअप वाढल्याचं समाधान कुठून येतं, तेही यातून कळतं. त्याच बैठकीत मेकॅनिक प्लग साफ करतो, फिल्टर झटकतो, कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून मिश्रण सुधारतो, कधी बेंडचं गॅस्केटही बदलतो. गाडी सुधारते ती या कामांनी. श्रेय मात्र हातात दिसणाऱ्या काढलेल्या नळीला मिळतं. फटाके थांबल्याने चाल गुळगुळीत वाटते, आणि गुळगुळीत चाल आपल्या मनाला ताकदीसारखी भासते.

नळी काढण्याची काही कारणं मात्र खरी आहेत. टाकीखाली गर्दी असते; काही गाड्यांत टॅपेट तपासायचे किंवा प्लग काढायचा तर ही डबी आड येते. बेंडजवळ जास्तीचं ज्वलन होतं म्हणून क्रोमचा पाइप निळसर पडायला तिचा हातभार लागतो. डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या रोलरवर, गाडी ट्यून करणाऱ्यालाही तिची अडचण होते: सायलेन्सरमध्ये बसवलेला ऑक्सिजन सेन्सर नळीतून आलेली हवाही मोजतो, मिश्रण आहे त्यापेक्षा पातळ दाखवतो, आणि ट्यूनर विनाकारण पेट्रोल वाढवून बसतो. म्हणून जाणकार ट्यूनर मोजणीपुरती नळी बंद करतात आणि काम झालं की परत जोडतात. कार्बन मोनॉक्साइड मोजून कार्बोरेटर लावायचा असेल तेव्हा कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येही हेच सांगितलेलं असतं. तात्पुरतं बंद करणं वेगळं आणि काढून फेकणं वेगळं.

शर्यतीच्या गाडीचा न्यायही वेगळा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर फक्त शर्यतीसाठी बांधलेली गाडी रस्त्यावर येतच नाही. तिथे वजनाचे दोन-चारशे ग्रॅम, नळ्यांची गर्दी, झटपट उघडणारं हेड यांना अर्थ आहे. त्या गाडीवर ही यंत्रणा नसणं मला खटकत नाही. तीच गाडी नंबरप्लेट लावून सकाळी ऑफिसला येते तेव्हा खटकतं.

काढल्यावर नुकसान किती होतं? प्रत्येक गाडीचा आकडा निराळा, पण दिशा ठरलेली: कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन वाढतात, सर्वात जास्त थंड इंजिनाला आणि आयडलला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या जुन्या गाडीत त्याला जाळण्यापुरता ऑक्सिजन मिळत नाही, तो असून नसल्यासारखा होतो. नव्या, ऑक्सिजन सेन्सरच्या गाडीत ईसीयू ही हवा बहुतेक सुरुवातीच्या गरम होण्याच्या काळातच देतो, कारण नायट्रोजन ऑक्साइड फोडायला कन्व्हर्टरमध्ये ऑक्सिजन जास्त होऊन चालत नाही. पण थंड इंजिनाचे ते पहिले क्षणच सगळ्यात घाण असतात. शिवाय २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत सोलेनॉइडची वायर सुटली की ईसीयूला कळतं आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो. मग दिवा विझवायला तिथे रेझिस्टर लावतात. एक भाग काढण्यासाठी गाडीच्या मेंदूला खोटी माहिती द्यायची, इथवर गोष्ट जाते.

पीयूसी तर पास होते, असं उत्तर यावर मिळतं. होते, आणि ते कसं होतं हे समजून घेण्यासारखं आहे. २००० नंतरच्या जुन्या फोर-स्ट्रोक दुचाकींना पीयूसीमध्ये आयडलला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ४५०० पीपीएम आहे. ही मर्यादा ढोबळ आहे. बऱ्यापैकी ट्यून केलेली गाडी नळीशिवायही तिच्या आत बसू शकते. दुसरं, पीयूसीचं यंत्र धुरातली टक्केवारी पाहतं, एकूण वजन नव्हे. नळीतून येणारी हवा धुराला पातळ करते, त्यामुळे नळी असताना दिसणाऱ्या चांगल्या आकड्यात थोडा वाटा निव्वळ पातळ होण्याचा असतो. या नळीची बाजू घेताना हेही सांगायला हवं.

पण नव्या मॉडेलला परवानगी देताना होणारी चाचणी या पातळ होण्याने फसत नाही. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था आहे. तिथल्या प्रयोगशाळेत गाडी रोलरवर ठरलेल्या चालीने चालवतात, सगळा धूर गोळा करतात, त्यात मोजून हवा मिसळतात आणि हिशेब किलोमीटरमागे किती ग्रॅम असा काढतात. वजन मोजलं की वरून कितीही हवा घाला, ग्रॅम तितकेच राहतात. ते कमी होतात फक्त इंधन खरोखर जळल्याने. त्या चाचणीत १९९६ साली भारतात दुचाकीला हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड मिळून किलोमीटरला ३.६ ग्रॅम चालत होते. २००० साली ते २ ग्रॅम झाले, २००५ च्या सुमारास दीड, २०१० मध्ये एक. बीएस-६ मध्ये हायड्रोकार्बन ०.१ आणि नायट्रोजन ऑक्साइड ०.०६ ग्रॅम. मधल्या काळात चाचणीची चाल बदलली, तरी दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर एकूण मर्यादा विसाव्या हिश्श्याच्याही खाली आली आहे. हे अंतर कापण्यात इंजेक्शन, कन्व्हर्टर आणि या साध्या नळीचाही वाटा आहे. आपण आपल्या गाडीपुरतं ते उलटं फिरवू शकतो, एका पान्याने.

याच वृत्तीने आणखी दोन गोष्टी काढल्या जातात. एक, टाकीतल्या पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा, म्हणजे कॅनिस्टर. तो काढला की उन्हात उभ्या गाडीतून पेट्रोल सरळ हवेत जातं. दुसरी, इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ एअर फिल्टरच्या डब्यात नेणारी ब्रीदरची नळी. ती सोडून खाली लोंबकळत ठेवतात. मोटारींच्या बाबतीत कॅलिफोर्नियाने साठच्या दशकाच्या आरंभी सर्वात आधी जिचा हवेत जाणारा मार्ग बंद करायला लावला ती वाफ हीच, कारण तो उपाय सर्वात स्वस्तात होणारा होता.

कायदा यात स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड आहे. प्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी रस्त्यावर चालवल्यास कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, कैद आणि तीन महिने परवान्यावर गदा येऊ शकते. व्यवहारात पोलिसांच्या हाती लागतो तो मोठ्या आवाजाचा सायलेन्सर. टाकीखाली लपलेली पट्टी कोणी पाहत नाही. अमेरिकेत विक्रेत्यांकडे पाहिलं गेलं: प्रमाणित मर्यादेबाहेर धूर सोडायला लावणारे ट्यूनर विकल्याच्या आरोपावरून २०१६ साली हार्ले-डेव्हिडसनने १.२ कोटी डॉलरचा दंड भरायचं आणि ती विक्री थांबवायचं मान्य केलं. माझं स्पष्ट मत आहे, की आपल्याकडेही मालकाला पकडण्याआधी पट्ट्यांचे संच विकणाऱ्यांना हात घालायला हवा. मालकाला बहुतेक वेळा आपण काय काढलं हेच ठाऊक नसतं.

तुमच्या गाडीची ही नळी ठीक आहे का, हे घरी तपासता येतं. इंजिन आयडलवर ठेवून नळी फिल्टरच्या डब्यापासून सोडवा आणि तोंडावर बोट ठेवा. बोट हलकेच, धडधडत आत ओढलं जायला हवं. गरम हवेचा झोत बाहेर येत असेल तर रीडचं पान काजळीने अडकलं आहे; अशा वेळी नळी डबीच्या बाजूला कडक, भाजल्यासारखी झालेली असते आणि दुर्लक्ष केलं तर फिल्टरही काळा पडतो. इंजिन थंड झाल्यावर डबी उघडून पान मऊ ब्रशने आणि कार्ब क्लीनरने साफ करता येतं. पान वाकवू नका, खरवडू नका. काहीच ओढ लागत नसेल तर मार्ग तुंबला आहे किंवा झडप बंद स्थितीत अडकली आहे. इंजेक्शनच्या गाडीत मात्र गरम झाल्यावर ओढ नसणं स्वाभाविक असू शकतं, कारण तिथे हवा कधी द्यायची ते ईसीयू ठरवतो. फटाक्यांचा उगम शोधायचा असेल तर नळी तात्पुरती चिमटा लावून बंद करा आणि थोडं चालवून पाहा. फटाके थांबले तर व्हॅक्यूमची नळी आणि झडप तपासा. थांबले नाहीत तर हवा दुसरीकडून येते आहे. बेंडच्या जोडापासून सुरुवात करा.

तुमच्या गाडीवरची नळी आधीच्या मालकाने किंवा मेकॅनिकने काढली असेल, तर टाकीखाली एकदा पाहा. हेडवर एक्झॉस्टच्या बाजूला दोन छोट्या स्क्रूंनी बसवलेली कोरी पट्टी दिसली तर ती तीच आहे. कंपनीच्या सुट्या भागांच्या दुकानात गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून डबी, नळी, क्लॅम्प आणि गॅस्केट मागा, परत बसवून घ्या, आणि त्याच वेळी बेंडचं गॅस्केट नवं टाकायला सांगा. ताकद तेवढीच राहील, फटाके बेंडच्या जोडामुळे असतील तर थांबतील आणि मागे उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत जाणारं विष कमी होईल.